एकच ‘विविध’, इंग्रजीत अनेक शब्द



तुमच्यापैकी बरेच जण दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतात. अकरावीला विज्ञान शाखा घेतली की प्रयोगवही, प्रकल्पाचा अहवाल, आलेखाचे शीर्षक, सारे इंग्रजीतून लिहावे लागते. अवघड पारिभाषिक संज्ञा पाठ करता येतात, त्यांची भीती फार दिवस टिकत नाही. अडखळायला होते ते साध्या, रोजच्या शब्दांपाशी. ‘विविध’ हा असाच एक शब्द आहे. विविध, वेगवेगळे, नाना तऱ्हेचे, निरनिराळ्या जातींचे असे आपण मराठीत सहज लिहितो. इंग्रजीत मात्र त्यासाठी चार-पाच निरनिराळे शब्दप्रयोग आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ थोडा वेगळा आहे. विज्ञानात हा थोडा फरकही महत्त्वाचा ठरतो, कारण शब्द बदलला की तुम्ही केलेले विधानच बदलते.

एका ‘एस’ची किंमत

असे समजा, की जामनेरच्या एका शाळेतील विद्यार्थ्यांनी तालुक्यातील केळीच्या बागांवर प्रकल्प केला. अहवालाचे पहिले वाक्य लिहायचे आहे. तीन विद्यार्थ्यांनी ते तीन प्रकारे लिहिले :

१. “वुई स्टडीड अ व्हरायटी ऑफ बनाना.”
२. “वुई स्टडीड अ व्हरायटी ऑफ बनानाज.”
३. “वुई स्टडीड द व्हरायटी ऑफ बनानाज ग्रोन निअर जामनेर.”

ही तीन वाक्ये दिसायला भावंडे आहेत, पण अर्थाने नाहीत. पहिल्याचा अर्थ, आम्ही केळीच्या एका वाणाचा अभ्यास केला. दुसऱ्याचा अर्थ, आम्ही निरनिराळ्या प्रकारच्या केळ्यांचा अभ्यास केला. तिसऱ्याचा अर्थ, जामनेरजवळच्या केळ्यांमध्ये किती वैविध्य आहे, त्या वैविध्याचाच आम्ही अभ्यास केला. एका अनेकवचनी ‘एस’ने आणि ‘अ’च्या जागी ‘द’ आल्याने एवढा बदल झाला! आणि चौथ्या एखाद्या विद्यार्थ्याने ‘अ’ही नाही आणि ‘द’ही नाही असे नुसते “स्टडीड व्हरायटी ऑफ बनाना” लिहिले, तर वाचणाऱ्याला यांपैकी काय समजावे हेच कळणार नाही.

अशा वेळी सर्वांत सुरक्षित वाट कोणती? संख्या माहीत असेल तर संख्या लिहा : “वुई स्टडीड थ्री व्हरायटीज ऑफ बनाना.” यात संशयाला जागाच उरत नाही. “अ वाइड व्हरायटी ऑफ बर्ड्स” असे लिहिण्यापेक्षा “ट्वेंटी-थ्री स्पीशीज ऑफ बर्ड्स” असे लिहिणे केव्हाही चांगले. ‘वाइड व्हरायटी’ने कौतुक कळते, संख्येने माहिती कळते.

क्रियापद एकवचनी की अनेकवचनी?

“अ व्हरायटी ऑफ इन्सेक्ट्स...” याच्यापुढे ‘वॉज’ लिहावे की ‘वेअर’? येथे एक सोपी जोडी लक्षात ठेवा. ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ तुम्हांला व्याकरणाच्या तासाला भेटलेले आहेत. ‘अ नंबर ऑफ बॉइज’ म्हणजे कित्येक मुले, म्हणून क्रियापद अनेकवचनी. ‘द नंबर ऑफ बॉइज’ म्हणजे मुलांची संख्या. संख्या एकच, म्हणून क्रियापद एकवचनी. व्हरायटीचेही बहुधा तसेच असते.

“अ व्हरायटी ऑफ इन्सेक्ट्स वेअर फाउंड ऑन द कॉटन प्लान्ट्स.” कपाशीवर नाना तऱ्हेचे कीटक आढळले. येथे मनात कीटक आहेत.

“द व्हरायटी ऑफ इन्सेक्ट्स वॉज ग्रेटर इन द अनस्प्रेड फील्ड.” फवारणी न केलेल्या शेतात कीटकांचे वैविध्य अधिक होते. येथे मनात वैविध्य आहे, आणि वैविध्य एकच.

आपल्या मनात नेमके काय आहे, वस्तू की वस्तूंचे वैविध्य, हे आधी ठरवावे. मग क्रियापद आपोआप ठरते.

‘जात’ या शब्दाचा गोंधळ

आता खरी अडचण पाहू. मराठीत आपण ‘जात’ हा शब्द फार मोकळ्या हाताने वापरतो. कावळ्याच्या दोन जाती, भुईमुगाची जात, गायीची जात, जंतूंची जात. या चारही ठिकाणी इंग्रजीत ‘व्हरायटी’ लिहिले तर चारपैकी तीन चुका होतील.

कावळ्याचा डोमकावळा आपल्या ओळखीचा आहे आणि गावकावळाही. हे दोन वेगळे जीवशास्त्रीय गट आहेत, म्हणून येथे शब्द हवा ‘स्पीशीज’. पाठ्यपुस्तकात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस, हे तुम्हांला ठाऊक आहे. स्पीशीज या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन एकच : वन स्पीशीज, टेन स्पीशीज. ‘स्पीशी’ असे एकवचन करू नका. इंग्रजीत त्या रूपाचा अर्थ धातूची नाणी असा होतो! अहवालात नावापुढे ‘एसपी.’ असे संक्षिप्त रूप लिहिले तर एक जाती आणि ‘एसपीपी.’ लिहिले तर त्या प्रजातीतील अनेक जाती, हा संकेतही लक्षात ठेवावा.

एकाच जातीतील, माणसाने निवडून जोपासलेल्या पिकाच्या प्रकाराला आपले शेतकरी ‘वाण’ म्हणतात. शेतीच्या इंग्रजीत त्याला ‘व्हरायटी’ म्हणतात. जळगावच्या संशोधन केंद्रातून निघालेला भुईमुगाचा ‘जेएल-२४’ किंवा ‘फुले प्रगती’ ही अशी व्हरायटी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र व्हरायटी हा शब्द आणखी एका अर्थाने वापरतात. रानात आपोआप आढळणाऱ्या, उपजातीच्याही खालच्या दर्जाच्या गटाला ते व्हरायटी म्हणतात. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अमेरिकन उद्यानशास्त्रज्ञ लिबर्टी हाइड बेली यांनी १९२३ साली ‘कल्टिव्हार’ हा नवा शब्द सुचवला. ‘कल्टिव्हेटेड’ आणि ‘व्हरायटी’ यांचा तो सांधा आहे. कल्टिव्हारचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहिण्याची पद्धत आहे, जसे ‘ग्रँड नैन’. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणात तर १९६० नंतर ‘व्हरायटी’ म्हणून दिलेल्या नव्या नावाला मान्यताच मिळत नाही. तेव्हा फुलपाखरांच्या किंवा बेडकांच्या जाती सांगताना हा शब्द टाळलेला बरा.

गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्या माणसाने जोपासलेल्या प्रकारांना ‘ब्रीड’ म्हणतात. गीर आणि खिल्लार या गायींच्या ब्रीड्स आहेत, तर जाफराबादी ही म्हशीची ब्रीड आहे. पण गाय आणि म्हैस या दोन वेगळ्या स्पीशीज. जिवाणू आणि विषाणू यांच्याबाबतीत ‘स्ट्रेन’ हा शब्द वापरतात.

पाकिटावरचा शब्द आणि शेतकऱ्याचे बियाणे

हा केवळ शब्दांचा खेळ आहे असे कोणाला वाटेल, म्हणून कपाशीचे उदाहरण घेऊ. जगात लागवडीखाली असलेल्या कपाशीच्या चार स्पीशीज आहेत. दोन जुन्या जगातल्या, म्हणजे आपली देशी कपाशी, आणि दोन अमेरिका खंडातून आलेल्या. चारही जातींची लागवड भारतात होते. त्यांपैकी प्रत्येक जातीत अनेक व्हरायटीज आहेत.

१९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा कपाशीचा संकर तयार केला. व्यापारी लागवडीसाठी काढलेला कपाशीचा हा पहिला संकर होय. संकर म्हणजे ‘हायब्रिड’. दोन निवडलेल्या वाणांच्या संयोगातून तो येतो. २००२ साली बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली, तीही संकरित वाणांच्या रूपाने.

व्हरायटी आणि हायब्रिड यांतला फरक शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. भुईमुगाच्या ‘जेएल-२४’च्या शेंगा राखून पुढच्या वर्षी पेरल्या, तर पीक मूळ वाणासारखेच येते, कारण भुईमुगात बहुतांशी स्वपरागण होते. संकरित कपाशीची सरकी राखून पेरली तर झाडे एकसारखी निघत नाहीत. आईबापांचे गुण पुढच्या पिढीत निरनिराळ्या तऱ्हेने वाटले जातात आणि उत्पन्न घटते. म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. अहवालात हायब्रिडला व्हरायटी म्हटले, तर ‘हे बी घरी राखता येईल’ असा वाचणाऱ्याचा समज होऊ शकतो. एका शब्दाच्या चुकीने एखाद्याचा हंगाम वाया जाऊ शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

व्हरायटी, व्हेरिएशन, डायव्हर्सिटी

आता तीन सख्खे शेजारी पाहू. त्यांतला भेद एका वाक्यात सांगायचा तर : व्हरायटी मोजावी, म्हणजे किती प्रकार आहेत ते गणावे, व्हेरिएशन मापावे, म्हणजे किती फरक आहे ते काटा किंवा पट्टी लावून पाहावे, आणि डायव्हर्सिटी तोलावी, म्हणजे किती प्रकार आहेत आणि ते किती प्रमाणात आहेत याचा एकत्र विचार करावा.

समजा, एका शेतकऱ्याने मृगबागेत सगळी रोपे उतीसंवर्धनाने तयार केलेली, एकाच वाणाची लावली. तरीही काढणीच्या वेळी सगळे घड सारख्या वजनाचे नसतात. कडेच्या झाडाला वारा अधिक लागतो, ठिबकची एखादी नळी तुंबलेली असते, जमीन कोठे मुरमाड असते. घडांच्या वजनातील या फरकाला ‘व्हेरिएशन इन बंच वेट’ म्हणावे. ‘व्हरायटी इन बंच वेट’ म्हणू नये. व्हरायटी एकच आहे, व्हेरिएशन मात्र भरपूर आहे! चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ सालच्या जगप्रसिद्ध ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे व्हेरिएशनवरच आहेत, पहिले पाळीव जिवांतील आणि दुसरे निसर्गातील. एका जातीतील व्यक्तींमध्ये असलेले हे लहान लहान फरक म्हणजे उत्क्रांतीचा कच्चा माल, हा त्यांच्या विचाराचा पाया होता.

डायव्हर्सिटीसाठी थोडे गणित करू. दोन शेतांत प्रत्येकी १०० कीटक पकडले. दोन्हीकडे चार-चार प्रकार निघाले : मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी. पहिल्या शेतात प्रत्येक प्रकारचे २५ कीटक होते. दुसऱ्यात मावा ९७ आणि बाकीचे तिन्ही एकेक. प्रकार मोजले तर दोन्ही शेते सारखी. पण मन सांगते, की ती सारखी नाहीत.

१९४९ साली ई. एच. सिम्पसन यांनी यावर एक सुटसुटीत उपाय सुचवला. डोळे मिटून एक कीटक उचला, परत ठेवा, पुन्हा एक उचला. दोन्ही कीटक एकाच प्रकारचे असण्याची संभाव्यता किती? पहिल्या शेतात प्रत्येक प्रकारासाठी ०.२५ × ०.२५ = ०.०६२५, चार प्रकारांची बेरीज ०.२५. म्हणून दोन्ही कीटक वेगळे असण्याची संभाव्यता ०.७५. दुसऱ्या शेतात ०.९७ × ०.९७ = ०.९४०९, त्यात उरलेल्या तिघांचे प्रत्येकी ०.०००१ मिळवले की ०.९४१२. म्हणून कीटक वेगळे असण्याची संभाव्यता सुमारे ०.०६. प्रकार दोन्हीकडे चार, पण डायव्हर्सिटी एकीकडे ०.७५ आणि दुसरीकडे ०.०६! तेव्हा ‘डायव्हर्सिटी’ हा शब्द लिहिताना तुम्ही केवळ प्रकार मोजले आहेत की प्रमाणही पाहिले आहे, हे स्वतःला विचारा.

केळीच्या बागांना हाच विचार लावून पाहा. आपल्या जिल्ह्यात बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन अशी वाणांची नावे ऐकू येतात. ‘ग्रँड नैन’ हे नाव फ्रेंच असून त्याचा शब्दशः अर्थ ‘मोठा बुटका’ असा आहे. बागाईतदार त्याला जी-नाइन म्हणतात. नावे तीन असली तरी हे तिन्ही वाण कॅव्हेन्डिश या एकाच गटातले, म्हणजे अगदी जवळचे नातलग. वसईकडची वेलची आणि राजेळी ही केळी निराळ्या गटांतली. म्हणून “जळगाव ग्रोज सेव्हरल व्हरायटीज ऑफ बनाना” हे विधान बरोबर, पण त्यावरून “द बनानाज ऑफ जळगाव आर जेनेटिकली डायव्हर्स” असा निष्कर्ष काढला तर तो चूक.

हा भेद किती मोलाचा आहे, ते केळीच्या इतिहासाने दाखवले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या निर्यात बाजारात ग्रोस मिशेल या एकाच वाणाचे राज्य होते. ‘पनामा रोग’ नावाच्या बुरशीजन्य मर रोगाने मध्य अमेरिकेतील त्याच्या बागाच्या बागा बसवल्या. १९६० च्या सुमारास व्यापाऱ्यांना तो वाण सोडून कॅव्हेन्डिशकडे वळावे लागले. आता त्याच बुरशीचा ‘ट्रॉपिकल रेस फोर’ हा प्रकार कॅव्हेन्डिशवरही हल्ला करतो आणि गेल्या दशकात तो बिहार आणि उत्तर प्रदेशातील बागांत आढळला आहे. केळी कंदापासून किंवा उतीपासून वाढवली जाते. बी नसल्यामुळे नव्या पिढीत गुणांची सरमिसळ होत नाही. एका झाडाला जो रोग बाधतो तो सगळ्यांना बाधू शकतो. व्हरायटीजची संख्या पाहून निर्धास्त राहायचे, की डायव्हर्सिटी कमी आहे म्हणून सावध व्हायचे, हे ठरवताना शब्दांचा नेमकेपणा उपयोगी पडतो.

रेंज, व्हेरियस, सेव्हरल

‘रेंज’ हा शब्द ज्यांना क्रम लावता येतो अशा गोष्टींसाठी राखून ठेवा : तापमान, उंची, वजन, वय, सामू. “द टेम्परेचर रेंज्ड फ्रॉम ट्वेल्व्ह टु फॉर्टी-टू डिग्रीज” हे बरोबर. येथे ‘फ्रॉम’बरोबर ‘टु’ आणि ‘बिट्वीन’बरोबर ‘अँड’ ही जोडी मोडू नये. “बिट्वीन ट्वेल्व्ह टु फॉर्टी-टू” असे लिहिण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते. रेंज सांगितली की दोन टोके सांगावीत. टोके ठाऊक नसतील तर हा शब्द वापरू नये.

‘व्हेरियस’ म्हणजे निरनिराळे. यापुढे नाम अनेकवचनी हवे : “व्हेरियस सॉइल्स”. ‘सेव्हरल’ म्हणजे दोनांहून अधिक, पण फार नव्हे. यात वेगळेपणाचा अर्थ नाही, फक्त संख्येचा आहे. एकाच प्रयोगाची तुम्ही पाच वेळा पुनरावृत्ती केली, तर ते ‘सेव्हरल ट्रायल्स’. ‘व्हेरियस ट्रायल्स’ लिहिले तर चाचण्या निरनिराळ्या पद्धतींच्या होत्या असे वाटेल. ‘दिस काइंड ऑफ सॉइल’ आणि ‘दीज काइंड्स ऑफ सॉइल’ बरोबर. ‘दीज काइंड ऑफ’ टाळावे.

दोनदा सांगू नका

मराठीत द्विरुक्ती ही शोभा आहे. वेगवेगळी फुले, तऱ्हेतऱ्हेचे पक्षी, निरनिराळ्या बिया. म्हणून इंग्रजी लिहितानाही हात ‘डिफरंट डिफरंट फ्लॉवर्स’ लिहून जातो. इंग्रजीत ‘डिफरंट’ एकदाच पुरे. त्याचप्रमाणे ‘अ व्हरायटी ऑफ डिफरंट सीड्स’ किंवा ‘व्हेरियस डिफरंट टाइप्स’ यांत एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. कित्येकदा तर ‘डिफरंट’ची मुळीच गरज नसते. “फाइव्ह डिफरंट स्पीशीज” यातले डिफरंट गाळून पाहा. पाच जाती म्हटल्यावर त्या वेगळ्याच असणार.

स्वाध्याय

पुढील वाक्यांसाठी इंग्रजीत कोणता शब्द वापराल?

१. कावळ्याच्या दोन जाती.
२. एकाच कडुनिंबाच्या पानांच्या लांबीतील फरक.
३. जळगावचे भरताचे वांगे हा वांग्याचा एक प्रकार.
४. ‘एच-४’ कपाशी.
५. गीर ही गायीची जात.
६. घडांचे वजन १४ ते २६ किलोग्रॅम होते.
७. या बांधावर नाना तऱ्हेची गवते आढळली.

उत्तरे : १. टू स्पीशीज. २. व्हेरिएशन इन लीफ लेंग्थ. ३. अ व्हरायटी ऑफ ब्रिंजल. ‘ब्रिंजल’ला ‘एस’ लावू नये. ४. हायब्रिड. ५. ब्रीड. ६. रेंज्ड फ्रॉम फोर्टीन टु ट्वेंटी-सिक्स किलोग्रॅम्स. ७. अ व्हरायटी ऑफ ग्रासेस वेअर फाउंड. मोजली असतील तर संख्या आणि ‘स्पीशीज’.

शिक्षकांना विनंती

हा पाठ फळ्यावर शिकवण्यापेक्षा शेतात शिकवणे अधिक फलदायी होईल. कांग नदीच्या काठी किंवा शाळेमागच्या बांधावर प्रत्येक गटाला एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकोन आखून द्यावा. त्यातील वनस्पतींचे प्रकार मोजणे, एका वनस्पतीच्या वीस पानांची लांबी मापणे आणि सिम्पसन यांच्या रीतीने वैविध्याचा अंक काढणे, ही तीन कामे एका तासात होतात. मग प्रत्येकाने तीनच इंग्रजी वाक्ये लिहावीत : एक प्रकारांच्या संख्येचे, एक व्हेरिएशनचे, एक डायव्हर्सिटीचे. गटांनी वह्यांची अदलाबदल करावी आणि दुसऱ्याचे वाक्य वाचून चौकोनात काय होते ते तोंडी सांगावे. सांगितलेले आणि पाहिलेले जुळले, तर वाक्य बरोबर आहे असे समजावे. जुळले नाही, तर कोणत्या शब्दाने वाट चुकवली ते दोघांनी मिळून शोधावे.